लक्ष्मणाचा पूर्वज

गौरी-गणपती उठले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. गणपतीच्या दिवसांत आरत्यांचे प्रश्न असतात. 'लवथवती' म्हणजे काय, 'संकष्टी पावावे' की 'संकटी पावावे' (संकटी, अहो संकटीच. दरवर्षी सांगते.) आणि मग भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की सगळी पत्रं पितरांकडे वळतात. यंदा गठ्ठा जाड आहे म्हणून सगळी जागा त्यालाच देते. अनुस्वारवाल्यांनी आणि ऱ्हस्व-दीर्घवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : माझी नात तिसरीत आहे. संध्याकाळी माझ्याबरोबर रामरक्षा म्हणते. परवा 'रामं लक्ष्मणपूर्वजं रघुवरं' या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "आजी, पूर्वज म्हणजे खूप जुनी, वारलेली माणसं ना? मग राम लक्ष्मणाचे पणजोबा होते का?" मी "पुढे म्हण" सांगून वेळ मारून नेली. पण आता मलाच चैन पडत नाही. — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आपण मोठी माणसं रामरक्षा घडाघडा म्हणून मोकळे होतो. अडतं ते पोराचंच, आणि बरोबर जागी अडतं.

राम हा लक्ष्मणाचा थोरला भाऊ, एवढंच त्या ओळीत म्हटलं आहे. 'पूर्व' म्हणजे आधी, 'ज' म्हणजे जन्मलेला. आधी जन्मला तो पूर्वज. किती आधी, ते हा शब्द सांगत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा मूळपुरुष पूर्वज आणि पाठचं भावंड ज्याला 'दादा' म्हणतं तोही पूर्वज. वाल्मीकींच्या बालकांडात रामाचा जन्म पुनर्वसू नक्षत्रावर, भरताचा पुष्यावर आणि लक्ष्मणाचा आश्लेषावर सांगितला आहे. नक्षत्रं ओळीने मोजली तर राम-लक्ष्मणांत दोन दिवसांचं अंतर पडतं. संस्कृताला पूर्वज म्हणायला तेवढं पुरतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही 'पूर्वजस्त्वग्रियोऽग्रजः' असे थोरल्या भावाचे तीन शब्द एका दमात दिले आहेत. मराठीने यातला 'अग्रज' भावाला ठेवला (तोही मानपत्रातच भेटतो), 'पूर्वज' मागच्या पिढ्यांना देऊन टाकला आणि 'अग्रिय' सोडूनच दिला. रामरक्षेत मात्र तो शब्द जुन्या नात्यानेच बसला आहे.

तुम्हाला सांगते, तुमच्या नातीला पडलेला घोटाळा मी पगार घेऊन केला आहे. एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली, त्यातली पहिली काही खिळ्यांच्या छपाईची. नवी नवी असताना एका घराण्याचा कुलवृत्तान्त तपासायला आला. लेखक निवृत्त संस्कृत शिक्षक. गॅलीत, म्हणजे कच्च्या प्रुफात, वाक्य होतं, 'दादासाहेब हे माझ्या वडिलांचे पूर्वज.' मागच्या पानावर दोघांची जन्मसालं होती, १९०२ आणि १९०५. तीन वर्षांनी मोठा माणूस पूर्वज कसा? मी समासात तांबड्या शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, 'बंधू?' दोन दिवसांनी प्रूफ परत आलं. माझ्या प्रश्नचिन्हावर काट, आणि खाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात दोन शब्द : 'अमर पाहा.'

मला वाटलं, अमर नावाचं कोणीतरी प्रेसमध्ये आहे, त्याला हे दाखवायचं आहे. फोरमनला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बाइंडिंगला नवीन पोरगा लागलाय, त्याचं नाव विचारतो. त्याचं नाव निघालं अशोक. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत अमर शोधला. शेवटी मालकांनी कपाटातून अमरकोश काढून माझ्यापुढे ठेवला. बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पण आज तीच गॅली समोर आली तर मी पुन्हा प्रश्नचिन्ह काढीन. गुरुजींचं संस्कृत चोख होतं. पण पुस्तक मराठी होतं, आणि मराठी वाचक 'वडिलांचे पूर्वज' वाचून किमान पणजोबापर्यंत मागे जाणार. संस्कृतात बरोबर म्हणून मराठीत बरोबर, असा हिशेब मी मानत नाही.

आणखी एक पाहा. हिंदीत 'दादा' म्हणजे आजोबा, मराठीत थोरला भाऊ. आपला 'वडील' शब्दही असाच. मुळात अर्थ नुसता 'मोठा', म्हणून तर वडील भाऊ, वडील बहीण आपण अजून म्हणतो. पुढे तो एकटाच वापरला की बापाला लागू झाला. एका पाळण्याने मोठा असो की एका पिढीने, घरात मोठा तो मोठा, अशी या शब्दांची वागणूक दिसते.

नातीला एवढंच सांगा, राम आधी, लक्ष्मण मागून. तिला धाकटा भाऊ असेल तर ती त्याची पूर्वजा. हे ती त्याला ऐकवणार आणि घरात भांडण होणार, त्याला मी जबाबदार नाही.

प्रश्न : आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी सुरुवातीलाच म्हणालो, "आमच्या घराण्याचे पूर्वज आज आपल्यात उपस्थित आहेत." आजोबा समोर खुर्चीवर बसलेले. सगळे हसले, आत्या मात्र अजून बोलत नाही. चुकलं का माझं? — एक नातू, कोल्हापूर

उत्तर : चुकलं. व्युत्पत्तीकडे बोट दाखवून सुटू नका. वंशावळीच्या तक्त्यात बापसुद्धा पूर्वजच असतो, हे खरं. पण बोलीत तसबिरीला हार पडल्याशिवाय माणूस पूर्वज होत नाही. समोर बसून पेढा खाणाऱ्याला वडीलधारे म्हणा, घरातले ज्येष्ठ म्हणा, थोरले म्हणा. आत्यांना जाऊन सांगा की शब्द संस्कृतातून घेतला होता. उपयोग होणार नाही, पण सांगा.

प्रश्न : पूर्वज, पितर, वाडवडील, बापजादे. सगळ्यांचा अर्थ एकच तर चार शब्द कशाला? शिवाय माझ्या माहेरी कोणी 'पितर' म्हणत नाही, 'पितरं' म्हणतात. हे नपुंसकलिंग कुठून आलं? माहेरी या दिवसांना 'म्हाळ' म्हणतात, सासरी 'पितरपाख', पंचांगात 'पितृपक्ष'. मुलांना वर्गात काय शिकवू? — एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, एका पत्रात तीन प्रश्न घालून तुम्ही तिकीट वाचवलंत. एकेक घेते.

मी पाच-सहा वर्षांची असेन. आई आदल्या रात्री उडीद भिजत घालताना म्हणाली, "उद्या पितरं येणार." मला पाहुणे आवडायचे. मी विचारलं, "कुठल्या गाडीने?" आईने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "त्यांना गाडी लागत नाही." दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून ओट्यावर बसून होते. दुपारी पानं मांडली. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, लाल भोपळा. एक पान घेऊन वडील गच्चीवर गेले आणि माझी समजूत झाली की पाहुणे मागच्या जिन्याने परस्पर वर गेले. बऱ्याच वेळाने कावळा आला. वडील खाली येऊन आईला म्हणाले, "आले. जेवले." मी आजही 'पितर' शब्द लिहिते तेव्हा त्याच्यापुढे पान मांडलेलं दिसतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पितर येतात. पितरांना जेवू घालतात, त्यांना पाणी देतात, ते तृप्त होतात, रागावतात, अडकतात, सुटतात. पूर्वज यातलं काही करत नाहीत. ते फक्त आधी होऊन गेलेले असतात. म्हणून हे शब्द एकमेकांच्या जागी घालून पाहा. 'डायनासोर हे पक्ष्यांचे पूर्वज' हे विज्ञानाच्या पुस्तकात ठीक. 'डायनासोर हे पक्ष्यांचे पितर' लिहिलंत तर चिमणीने भाद्रपदात वडे तळायला हवेत. उलट 'आज पूर्वज घातले' असं म्हणा. ऐकणाऱ्याला वाटेल, कुठेतरी पुरले. माकड आणि माणूस यांचेही 'सामाईक पूर्वज' असतात, सामाईक पितर नसतात. आणि भाषेलाही पूर्वज असतो : महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची पूर्वज. पितर फक्त माणसाला, त्यातही आठवण ठेवून पाणी देणाऱ्या माणसाला.

आता 'पितर' आला कुठून. संस्कृतात मूळ शब्द 'पितृ'. एकवचन पिता, म्हणजे बाप. द्विवचन पितरौ, म्हणजे दोन बाप असं कोणालाही वाटेल; पण बहुधा अर्थ होतो आई आणि बाप. कालिदासाच्या रघुवंशाची सुरुवातच 'जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ' अशी आहे. पाणिनीने त्यासाठी सूत्रही दिलं आहे, 'पिता मात्रा'. आईबरोबर बापाचा उल्लेख आला की एकटा 'पितृ' शब्द उरतो आणि आई त्याच्या पोटात जाते. (आईने बापाच्या पोटात जायचं, यावर मला बोलायचं आहे. पण ते पुढच्या पत्राला राखून ठेवते.) बहुवचन पितरः, आणि तिथे शब्द घरातून निघून परलोकात पोचतो. एकच शब्द, वचन बदललं की बाप, मग आई-बाप, मग मागच्या सगळ्या पिढ्या.

हे बहुवचन जिवंतांनाही चालायचं. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला रणांगणावर 'पितॄनथ पितामहान्' उभे दिसतात. ते चांगले हातात शस्त्रं घेतलेले, बापाच्या नात्यातले लोक. आणि त्याच अध्यायात पुढे 'पतन्ति पितरो ह्येषां लुप्तपिण्डोदकक्रियाः' म्हणताना तोच अर्जुन पिंड-पाणी बंद झाल्याने खाली कोसळणाऱ्या पितरांची काळजी करतो. अध्याय एक, शब्द एक, आणि अर्थ समोर उभ्या माणसांपासून परलोकातल्या पितरांपर्यंत. मराठीने दुसरा तेवढा उचलला. द्विवचन आपल्याकडे नाहीच, आणि एकवचनी 'माझा पितर' कोणी म्हणत नाही. आपल्याला तो शब्द घाऊकच मिळाला.

'पितरं' या रूपावर नाक मुरडू नका. मराठीत पुरुष-बायका मिसळून असले की आपण नपुंसकलिंगी अनेकवचनाकडे जातो. मुलगे आणि मुली मिळून मुलं. माणसं, पोरं, लेकरं. तसंच पितरं. 'पितर आले' म्हटलं की धोतर नेसलेले आजे-पणजे दिसतात. 'पितरं आली' म्हटलं की त्यांच्या मागून नऊवारीतल्या आज्याही येतात. माझं मत विचाराल तर तुमच्या माहेरचं व्याकरण पंचांगापेक्षा उदार आहे. निबंधात मुलांनी 'पितर' लिहावं, घरी 'पितरं' म्हणावं, आणि बाईंनी कुठेही तांबडी शाई लावू नये.

म्हाळ, पितरपाख आणि पितृपक्ष हे तिन्ही बरोबर. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचे हे दिवस. या दिवसांतलं श्राद्ध ते 'महालय', आणि बोलीत घासून त्याचा झाला 'म्हाळ'. 'सासऱ्यांचा म्हाळ पंचमीला आहे' असं म्हणणारी माणसं शुद्ध महालयच म्हणत असतात, फक्त गुळगुळीत झालेला. 'पाख' हा 'पक्ष'. लक्षाचा लाख झाला तसा पक्षाचा पाख. या पंधरवड्यात अशी घासलेली नाणी बरीच सापडतात. नवमीला अविधवा नवमी म्हणतात, सवाष्णपणी गेलेल्या बायकांची. पुष्कळ घरांत तिला 'अहेव नवमी' म्हणतात. अहेव म्हणजे वेगळं काही नाही, 'अविधवा'च; मधली अक्षरं शतकांनी खाल्ली. शेवटच्या दिवसाला सर्वपित्री की सर्वपितृ, असाही एक प्रश्न नेहमी येतो. 'पित्र्य' म्हणजे पितरांचं, त्यावरून पित्री. मी सर्वपित्री लिहिते.

वाडवडील राहिले. जुन्या मराठीत 'वाड' म्हणजे मोठा, थोर. 'वडील' हाही त्याच घरातला. म्हणजे वाडवडील म्हणजे मोठ्यांतले मोठे, लाडीगोडी किंवा कामधाम यांच्यासारखा जोडीने चालणारा शब्द. पूर्वजांचा इतिहास असतो, पितरांचं श्राद्ध असतं, वाडवडिलांची पुण्याई असते. 'वाडवडिलांनी सांगून ठेवलंय' या वाक्यात 'पूर्वजांनी' घातलं की लगेच भाषण वाटतं.

आणि बापजादे. शहजादा, साहेबजादा यांतला फारसी 'जादा' म्हणजे जन्मलेला. त्या हिशेबाने बापजादा म्हणजे बापापासून जन्मलेला, म्हणजे मुलगा व्हायला हवा. मराठीने बेधडक उलटं केलं, बापजादे म्हणजे बाप, आजा आणि त्यांच्या मागचे. 'बापदादे' शेजारीच उभा असल्यामुळे हा गोंधळ कोणाला खुपला नसावा. हा शब्द जिव्हाळ्यापेक्षा तोऱ्यात जास्त येतो. 'ही काय तुझ्या बापजाद्यांची इस्टेट आहे?' यात वाडवडील घालून पाहा, भांडणातला दमच जातो.

एवढं होऊनही वर्गात मुलं कंटाळली तर त्यांना 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण द्या आणि तिचा प्रसंग लिहायला सांगा. एखादं पोर तरी बरोबर लिहील : जो म्हणतो आहेस तो पुरावा समोर आण, नाहीतर तो नाही हे कबूल कर.

प्रश्न : संगणकावर घराण्याची वंशावळ तयार करतो आहे. प्रत्येक चौकटीवर 'पूर्वज' असं लिहिलं आहे. पणजी, खापरपणजी यांच्या चौकटीवर काय लिहू? पूर्वजा, पूर्वज स्त्री, की पूर्वजीण? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पूर्वजीण नको. ऐकूनच ती फणी शोधत येईल असं वाटतं. पूर्वजा व्याकरणाने शुद्ध आहे, पण रुळलेला नाही. समूहाने लिहायचं तर 'पूर्वज स्त्रिया' चालेल. माझा सल्ला असा की नातं ठाऊक आहे तोवर नातंच लिहा. आजी, पणजी, खापरपणजी. पूर्वज हा शब्द नातं विसरल्यानंतर वापरायचा.

पण तुमची खरी अडचण चौकटीवरच्या शब्दाची नसणार, चौकटीत काय लिहायचं याची असणार. कुलवृत्तान्तांची प्रुफं वाचून वाचून मला ही जागा पाठ आहे. पुरुषाचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, इनाम, भांडणं, दत्तकविधान, सगळं. खाली एक ओळ : 'पत्नी लक्ष्मी.' कुठची, कोणाची, काही नाही. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे एकच बाई माहेरच्या पुस्तकात एका नावाने आणि सासरच्या पुस्तकात दुसऱ्या नावाने. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तरी ती एकच आहे हे कळत नाही. मुलीची रेघ लग्नापाशी तोडायची, हा तर नियमच. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात आणि वही उघडून पिढ्या वाचून दाखवतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे चोपड्या असतात. तिकडे जरूर चौकशी करा. पण पणजीसाठी घरातही बघा.

कुठे, ते सांगते. आमच्या माळ्यावर एक पितळी डबा होता, झाकणाचा, पाच-सहा शेर पोहे मावतील असा. बुडाशी ठोकून ठोकून नाव घातलेलं : 'चि. सौ. कां. द्वारका हिस.' आमच्या घराण्यात द्वारका नावाचं कोणी नाही. वडील म्हणायचे, आजोबांनी कुठल्यातरी लिलावात घेतला असेल. आत्याच्या सासूबाईंनी एकदा तो हातात घेतला आणि सहज म्हणाल्या, "हा तुमच्या पणजीचा ना? ती द्वारकाच होती की माहेरची. आमच्याच गावची." आमच्या वंशावळीत ती लक्ष्मी आहे. डबा तिच्याबरोबर लग्नात आला होता. तीस वर्षं आम्ही तिच्या नावावर पोहे भरत होतो आणि नाव परक्याचं समजत होतो.

तेव्हा तुमच्या घरातली जुनी पितळी, तांब्याची भांडी उलटी करा. मोडीत निघायच्या आत करा.

आणि एक गोष्ट श्राद्धाच्या बाजूने बोलायला हवी, मघाशी राखून ठेवलेली. व्याकरणात आई बापाच्या पोटात गेली खरी. पण म्हाळाच्या दिवशी गुरुजी पिता, पितामह, प्रपितामह एवढ्यावर थांबत नाहीत. माता, पितामही, प्रपितामही अशी तीन पिढ्यांतल्या बायकांचीही नावं विचारतात, आईकडच्या आजोबांपर्यंतही जातात. यजमान अडखळतो. मग आतून, स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडून सांगतं, "गोदावरी! गोदावरी म्हणावं!" तुमच्या चौकटीतली अर्धी नावं त्या आवाजाकडे मिळतील. ती सासरची असतील, माहेरची नसतील. पण कोऱ्या चौकटीपेक्षा बरी.

प्रश्न : वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट विकायचा आहे. जाहिरातीत 'वडिलोपार्जित' लिहिलं, तर वकील म्हणाले शब्द बदला. वडिलांनी उपार्जित केला, मग चूक काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : यातला 'वडील' म्हणजे बाबा नव्हेत. वाडवडील. वडिलोपार्जित म्हणजे मागच्या पिढ्यांकडून चालत आलेलं. वडिलांनी स्वतः कमावलं ते त्यांचं स्वकष्टार्जित, आणि कोर्टात या दोन शब्दांवर माणसांची उभी हयात जाते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला, तो एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला. तेव्हा जाहिरातीत गंमत म्हणूनही तो शब्द लिहू नका. त्यापुढे वकिलांचं ऐका, माझं राज्य समासापुरतं.

शब्द लिहिताना 'डि' ऱ्हस्व. 'वडीलोपार्जित' अशी पाटी मी एका सदनिकेवर पाहिली आणि खाली 'विकणे आहे'. मराठी 'वडील' आणि संस्कृत 'उपार्जित' यांचा संधी कसा काय केला, असं एका वाचकांनी मागे रागाने विचारलं होतं. केला. कोणाला विचारलं नाही. तुमच्या-माझ्या आधीच होऊन गेलाय.

प्रश्न : आमच्या बंगल्याचं नाव 'पितृछाया'. एक पाहुणे म्हणाले, ते 'पितृच्छाया' हवं. पाटी संगमरवरी आहे. — एक घरमालक, नाशिक

उत्तर : संस्कृत नियमाने पाहुणे बरोबर. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो. पण महाराष्ट्रात मातृछाया आणि पितृछाया इतक्या दारांवर आहेत की मराठीत ते रूप आता रुळलं आहे. संगमरवराला हात लावू नका. पाहुण्यांना चहा द्या.

प्रश्न : हल्ली बातम्यांत 'आपले पुरखे' असं ऐकू येतं. मराठी आहे का? — एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही, हिंदी आहे. वरच्या पत्रात चार शब्द दिले आहेत, त्यांतला एक घ्यावा. आणि निवेदक मंडळींना माझ्याकडून आणखी एक निरोप : पूर्वज, वंशज, अग्रज यांतला ज 'जन्मा'तला आहे, 'जावया'तला नाही.

प्रश्न : थोरल्या मुलाचं नाव हौसेने अनुज ठेवलं. आता दुसरा मुलगा झाला आहे. सासरे म्हणतात, अनुज म्हणजे धाकटा भाऊ, अर्थ उलटा झाला, नाव बदला. बदलायचं का? — एक आई, पुणे

उत्तर : सासरे शब्दार्थाने बरोबर आहेत. 'अनु' म्हणजे मागून, 'ज' म्हणजे तोच, जन्मलेला. पण नाव एकदा हाक म्हणून रुळलं की अर्थाचं फारसं चालत नाही. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला या खेपा घालण्याइतकी ही चूक मोठी नाही. धाकट्याचं नाव तेवढं अग्रज ठेवू नका. पोरांना जन्मभर दोन्ही नावांचा खुलासा करत बसावं लागेल.